पेटीची ओळख : एका मुक्या कीबोर्डचे उत्खनन

(थ्रेड)

१/
जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथून जवळच. हरिनाम सप्ताह चार दिवसांवर आलेला आणि भजनी मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता फाटलेला. तात्पुरती सोय म्हणून पुतण्याने आपला यूएसबी कीबोर्ड आणि लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. कीबोर्डचा दिवा लागत होता. लॅपटॉप मात्र त्याला ओळख द्यायला तयार नव्हता.

२/
"काका, लाइट तर लागतोय, मग दिसत का नाही?" पुतण्याने विचारले.

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधताना सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उलगडत गेला. लॅपटॉपने वाद्य 'ओळखणे' ही एक क्रिया नसून एकावर एक रचलेले चार थर आहेत. प्रत्येक थराचा काळ वेगळा, प्रत्येकाचे कर्ते वेगळे.

३/
उत्खननात सर्वांत वरचा थर सर्वांत अलीकडचा असतो, आणि खणायला सुरुवात वरूनच करावी लागते. बिघाड शोधतानाही तोच नियम पाळावा. वरचा थर तपासल्याविना खालच्यात हात घातला, तर पुरातत्त्वज्ञाची जशी फसगत होते, तशीच आपलीही होते. म्हणून आज इतिहास उलट्या क्रमाने सांगतो : तार, ओळखपत्र, आकडा आणि शेवटी सूर.

४/
पहिला थर : तार (१९९६)

नव्वदच्या दशकात संगणकाच्या पाठीमागे माउसला एक, प्रिंटरला दुसरे, मोडेमला तिसरे असे नाना आकारांचे सॉकेट असत. या गोंधळातून वाट काढण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली.

५/
या कामात इंटेलमधील ज्या अभियंत्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, ते अजय भट्ट मूळचे बडोद्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. सयाजीराव गायकवाडांच्या नावाचे विद्यापीठ मराठी वाचकाला परके नाही. बडोदा लक्षात ठेवा. चौथ्या थरात हे शहर पुन्हा भेटणार आहे, आणि तेही पेटीच्याच निमित्ताने.

६/
साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन संदेशाच्या. उपकरण जोडले गेले आहे हे संगणकाला विजेच्या तारांवरून कळत नाही. उपकरणाच्या आत दीड किलोओहमचा एक रोधक असतो. तो संदेशाच्या दोन तारांपैकी एकीचा दाब वर खेचतो. तो दाब चढलेला दिसला, की संगणक म्हणतो, दारात कुणी आले आहे.

७/
दिवा लागूनही कीबोर्ड का दिसत नव्हता, याचे उत्तर येथेच होते. पुतण्याने मोबाइल चार्जरसोबत आलेली केबल लावली होती. अशा पुष्कळ स्वस्त केबलींत संदेशाच्या तारा घातलेल्याच नसतात. वीज पोहोचते, दिवा लागतो, पण दारावरची थाप लॅपटॉपला ऐकूच जात नाही. मोबाइलच्या दुकानातून डेटा केबल आणली, आणि लॅपटॉपने लगेच 'टिंग' केले.

८/
याच थरातील आणखी एक अडचण विजेची. यूएसबी २ च्या नियमानुसार नव्या पाहुण्याला आरंभी १०० मिलिअँपिअरच वीज मिळते. बोलणी पूर्ण झाल्यावर ती ५०० पर्यंत वाढवून घेता येते. एकाच हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड लटकवले, तर वीज अपुरी पडून कीबोर्ड मध्येच दिसेनासा होतो. तपासताना हब काढावा आणि कीबोर्ड थेट लॅपटॉपला जोडावा. एक सॉकेट रुसले तर दुसरे पाहावे.

९/
दुसरा थर : ओळखपत्र (१९९९)

दारात कुणी आले हे कळले, पण कोण आले? संगणक प्रथम पाहुण्याला 'शून्य' या तात्पुरत्या पत्त्यावर हाक मारतो, मग कायमचा पत्ता देतो आणि कागदपत्रे मागतो. त्या कागदपत्रांत निर्मात्याचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपकरणाचा 'वर्ग' लिहिलेला असतो. मी छापखाना आहे, मी कोठार आहे, की मी वाद्य आहे, ते येथे ठरते.

१०/
१९९६ साली वाद्यांसाठी असा सर्वमान्य वर्ग नव्हता. निर्मात्याने आपल्या मालासोबत सीडी द्यायची, आणि तीत त्या मालाची भाषा जाणणारा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, असायचा. सीडी हरवली की वाद्य मुके. नोव्हेंबर १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी संदेश कसे न्यावेत याचा सामायिक नियम प्रसिद्ध झाला. तो पाळणाऱ्या कीबोर्डसाठी संगणकातला अंगभूत दुभाषाच पुरतो.

११/
आमच्या कीबोर्डला तो पुरायला हवा होता. तरीही विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण उभा! चौकशी करता कळले, की केबलीचा दोष लक्षात न आल्याने पुतण्याने इंटरनेटवरून भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवला होता. वरच्या थराचा बिघाड खालच्या थरात शोधला की असे होते : जुना दोष जागेवर राहतो आणि वर नवा तयार होतो.

१२/
उपाय असा. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून लपलेली उपकरणेही दाखवायला सांगावे. कीबोर्डच्या जुन्या, फिकट दिसणाऱ्या नोंदी आणि चुकीचा ड्रायव्हर दोन्ही काढून टाकावे. कीबोर्ड उपसून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा, आणि मगच केबल जोडावी. आता संगणक कोऱ्या मनाने कागदपत्रे वाचतो आणि आपला अंगभूत दुभाषा बसवतो.

१३/
येथे एक सावधगिरी. सगळेच कीबोर्ड १९९९चा नियम पाळत नाहीत. काही जुने, काही विशेष, स्वतःचीच बोली बोलतात. त्यांना निर्मात्याचाच ड्रायव्हर लागतो. काहींच्या मेनूत सामायिक आणि खास अशा दोन पद्धतींपैकी एक निवडण्याची सोय असते. तेव्हा आपला कीबोर्ड कोणत्या जातीचा, हे आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

नोंदी पुसल्यावर आमच्या पडद्यावर नाव उमटले : 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस'. कंपनीचे नाव नाही म्हणून पुतण्या हिरमुसला. पण ही चूक नव्हे. अंगभूत दुभाषा कधीकधी व्यक्तीचे नाव न घेता जातीचे नाव घेतो, इतकेच. काम अडत नाही.

१४/
तिसरा थर : आकडा (१९८३)

नाव आले, त्रिकोण गेला, तरी सूर नाही. आता खाली उतरणे भाग होते.

१९८० च्या सुमारास प्रत्येक सिंथेसायझर कंपनीची जोडणी वेगळी होती. एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी एका सामायिक भाषेचा पाठपुरावा केला. स्मिथ यांनी १९८१ साली ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत तिचा पहिला आराखडा मांडला.

१५/
जानेवारी १९८३. कॅलिफोर्नियातील नॅम या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडण्यात आले. एकावर बोट ठेवले, दुसरा वाजला. स्पर्धक कंपन्यांची वाद्ये एकमेकांना ओळखू लागली, आणि या भाषेला नाव मिळाले मिडी. तिच्या वापराबद्दल कुणाकडून स्वामित्वशुल्क घ्यायचे नाही, असे ठरले. ती जगभर पसरण्याचे मोठे कारण हेच. २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला.

१६/
मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जातात ते केवळ आकडे. पट्टी दाबली की तीन लहान आकडे निघतात : कोणत्या वाहिनीवर पट्टी दाबली, कोणती पट्टी, आणि किती जोराने. मूळ मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचा निरोप पोहोचायला सुमारे एक हजारांश सेकंद लागतो. पट्ट्यांना ० ते १२७ क्रमांक आहेत. पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात, त्या मधल्या पट्टीचा क्रमांक ६०. तिच्या शेजारची काळी एक, ती ६१.

१७/
यावरून बिघाडाची दोन कारणे उमजतात. पहिले, अनेक यूएसबी कीबोर्डांच्या पोटात आवाजच नसतो. तो आकडे पाठवतो, आवाज लॅपटॉपातील वाद्य-प्रोग्रामने काढायचा असतो. प्रोग्राम उघडून त्याच्या सेटिंगमध्ये 'मिडी इनपुट' म्हणून आपला कीबोर्ड निवडावा लागतो, आणि एखादे वाद्यही निवडावे लागते. वाद्य निवडले नाही, तर आकडे येतात आणि वाया जातात.

१८/
दुसरे, विंडोजवर बहुधा एका वेळी एकाच प्रोग्रामला कीबोर्ड हाती घेता येतो. आमच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये पियानो शिकवणारे एक पान उघडे होते. त्याने कीबोर्ड आधीच धरून ठेवला होता. पान बंद केले, वाद्य-प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. कारण कित्येक प्रोग्राम सुरू होतानाच एकदा उपकरणांची यादी वाचतात, नंतर आलेल्याची दखल घेत नाहीत.

१९/
आवाज नसताना आकडे येतात की नाहीत, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मिडी मॉनिटर. असे छोटे प्रोग्राम फुकट मिळतात. मी पांढरी एक दाबली. पडद्यावर ६० उमटले. बोट उचलले, पुन्हा ६० आणि सोबत पट्टी सुटल्याची खूण. तार, ओळखपत्र आणि आकडा हे तिन्ही थर शाबूत असल्याचा तो लेखी पुरावा होता. मग वाद्यांच्या यादीत हार्मोनिअम निवडला आणि ओसरीत सूर घुमला.

२०/
चौथा थर : सूर (१८४० चे दशक ते १९७१)

येथे हा धागा संपायला हरकत नव्हती. पण मंडळाचे वृद्ध पेटीवाले बुवा ऐकत बसले होते. त्यांनी काळी चार धरून एक अभंग गुणगुणला, मला गंधार धरायला सांगितला आणि मान हलवली. "वाजतंय खरं, पण गंधार चढा आहे."

लॅपटॉपने वाद्य ओळखले होते. बुवांच्या कानाने अजून ओळखले नव्हते.

२१/
हा वाद मात्र यूएसबीपेक्षा फार जुना. हार्मोनिअम युरोपात घडला. १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी त्याला हे नाव दिले. पाश्चात्त्य हार्मोनिअमचा भाता पायाने चाले, वाजवणारा खुर्चीवर बसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेऊन तो हाताने चालेल अशी पेटी घडवली. बैठकीवर मांडी घालून वाजवण्याजोगी झाल्यावर ती नाटकमंडळ्यांत, कीर्तनात, देवळात सर्वत्र पोहोचली.

२२/
महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या आश्रयाने पेटीला मान मिळाला. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तिला साथीपुरते न ठेवता स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून उभे केले. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच.

पण त्याच काळात तिच्यावरचा आक्षेपही घडत होता. पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा समान भाग पाडतात. दोन पट्ट्यांमधून सूर घसरत नेता येत नाही, म्हणजे मींड नाही. आणि तिचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराहून सुमारे सप्तमांश पट्टीइतका चढा असतो.

२३/
सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर संशोधन करून १९१० साली ग्रंथ लिहिला. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहचर्याने श्रुती-हार्मोनिअम तयार झाला. १९१६ साली बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींचा प्रश्न तेथे हिरिरीने चर्चिला गेला. वाद्याच्या पट्ट्यांनी गायकाचा कंठ ओळखावा कसा, हा प्रश्न बडोद्याने यूएसबीच्या ऐंशी वर्षे आधी पाहिला होता.

२४/
मग आली सरकारी नकारघंटा. ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन आणि तेथील पाश्चात्त्य संगीताचे जाणकार जॉन फोल्ड्स या दोन इंग्रजांना पेटी भारतीय संगीताला मारक वाटत होती. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनिअमला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती उठली नाही. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, पण त्यांच्या १९५२ ते १९६२ या कारकिर्दीतही ती कायम राहिली.

२५/
विरोधाभास पाहा. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा रसिला पेटीवादक आकाशवाणीत नोकरीला, आणि पेटीला स्टुडिओत साथीचीही मुभा नाही. १९७१ च्या सुमारास बंदी अंशतः उठली. तोवर तीन दशके उलटली होती.

आमच्याकडे काय चालले होते? १९४० साली मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दिल्लीचा आदेश स्टुडिओपुरता. देवळातल्या काकडआरतीला त्याची खबरही नव्हती. मान्यता नसताना पेटी वाजत राहिली, कारण ज्यांच्यासाठी ती वाजत होती त्यांनी तिला ओळखले होते.

२६/
याचा अर्थ आक्षेप खोटा होता असे नव्हे. बुवांच्या कानाने तोच आक्षेप पुन्हा नोंदवला. हिशेब करून पाहू. काळी चार हा षड्ज धरला, तर गंधार येतो पांढरी एकवर, म्हणजे मिडीच्या ६० क्रमांकावरच! समान भागांच्या पद्धतीत तिची कंपने सेकंदाला सुमारे २६१.६. षड्जाशी पाचास चार हे नैसर्गिक प्रमाण राखले, तर हवीत सुमारे २५९.६. फरक दोन कंपनांचा. संगीताच्या मापात सुमारे १४ सेंट.

२७/
जुन्या पेटीत हा फरक कारागीर कानसने मिटवतो. गाणाऱ्याची पट्टी विचारून तो गंधाराची पितळी जीभ किंचित घासतो आणि सूर उतरवून देतो. १९८३ च्या मिडीत मात्र ६० म्हणजे ६०. सूर वाकवण्याची सोय आहे, पण ती अख्ख्या वाहिनीला एकदम वाकवते. प्रत्येक सुराला वेगळे वाकवण्याची नीट व्यवस्था २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २ मध्ये आली.

२८/
सुदैवाने कित्येक वाद्य-प्रोग्रामांत प्रत्येक स्वर वेगळा लावून ठेवता येतो. आम्ही तो कप्पा शोधला, पांढरी एक १४ सेंट उतरवली आणि काळी चार दाबून ठेवली. बुवांनी पुन्हा गंधार लावला. या वेळी दोन सूर एकमेकांत मिसळले, त्यांच्यातली थरथर विरली. बुवा काही बोलले नाहीत, फक्त अभंगाची पुढची ओळ उचलली.

त्यांनी पट्टी बदलली असती, तर सगळे पुन्हा लावावे लागले असते, हेही सांगून ठेवतो.

२९/
सारांश, क्रमाने :

• दिवा लागतो पण संगणक गप्प : केबल आणि सॉकेट बदला, हब काढा.
• 'अनोळखी उपकरण' किंवा पिवळा त्रिकोण : जुन्या नोंदी व चुकीचा ड्रायव्हर काढा, मग पुन्हा जोडा.
• नाव दिसते पण प्रोग्रामात नाही : इतर प्रोग्राम बंद करा, आपला पुन्हा उघडा.
• आकडे येतात पण आवाज नाही : इनपुट आणि वाद्य निवडा.
• आवाज येतो पण मन लागत नाही : पट्टी विचारा, गंधार तपासा.

३०/
पहिल्या तीन थरांची ओळख करारांनी घडली : कंपन्या एकत्र बसल्या, नियम लिहिले, सर्वांनी पाळले. चौथ्या थराचा करार कागदावर कधीच झाला नाही. फील्डनच्या बंदीने तो मोडला नाही, आणि १९७१ च्या सवलतीने तो जुळलाही नाही. तो गाणारा आणि वाजवणारा यांनी दर बैठकीत नव्याने करायचा असतो.

सप्ताहात पहिले दोन दिवस कीबोर्ड वाजला. तिसऱ्या दिवशी नवा भाता बसून जुनी पेटी परत आली, आणि बुवा तिच्यापुढे बसले. पुतण्या त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत शेजारी बसला होता.

तुमच्या गावच्या भजनी मंडळात कोणती पेटी आहे, कुणी लावली, कोणत्या पट्टीत गातात? खाली जरूर लिहा. अशा नोंदी कुठल्याच दप्तरात सापडत नाहीत.

(समाप्त)